साहेबांचा चिखल

वसईत चिखल तयार करायला माणसं लावणारा एकच गृहस्थ मी पाहिला, आणि तो आमचा घरमालक होता.

पावसाळ्यात इथे चिखल दारात असतो, ओट्यावर असतो, चपलेत असतो, म्हशीच्या पाठीवर असतो. कुणाला तो मुद्दाम करावा लागत नाही. पण ह्या गृहस्थांनी अंगणाच्या कडेला आठ हात लांब आणि चार हात रुंद खड्डा खणवला, त्यात डोंगराकडची काळी माती भरवली आणि बावखलातून, म्हणजे वाडीतल्या गोड्या पाण्याच्या तळ्यातून, घागरीमागून घागरी आणून ओतवल्या. सभोवती बांबूचा कठडा घालून त्यावर पत्र्याची पाटी लावली. पाटीवर इंग्रजीत 'बॉग गार्डन', म्हणजे दलदलीची बाग, असं लिहिलं होतं. ते अक्षर माझं होतं, हे आधीच सांगून टाकते.

शेजारच्या केळीच्या वाडीचे इनासकाका पहिल्या दिवशी कुंपणावर कोपरं टेकून बराच वेळ बघत उभे राहिले. मग म्हणाले, "साहेब, चिखलच पाहिजे व्हता तर सांगायचं. माझ्या भाताच्या खाचरात या. पाय घातला की गुडघ्यापर्यंत मिळंल."

"इनास, हे शास्त्र आहे, भाजी नव्हे," साहेब म्हणाले.

हे वाक्य ते दिवसातून चार-पाचदा म्हणत. भाजी ह्या शब्दावर त्यांचा विशेष राग होता. त्यांच्या वाडवडिलांनी तीन पिढ्या ह्याच वाडीत पानवेली आणि केळी पिकवल्या होत्या, आणि हे घर, ही वाडी, अंगावरचा बंद गळ्याचा कोट, सगळं त्याच पिकातून आलेलं होतं. ते स्वतः मुंबईत एका सॉलिसिटरच्या कचेरीत तीस वर्षं कागदपत्रांच्या नकला करत होते. निवृत्त होताना तिथल्या गोऱ्या साहेबाने त्यांना एक इंग्रजी बागकामाचं पुस्तक दिलं. देणाऱ्याने ते बहुधा कपाट रिकामं करताना दिलं असावं. पण घरमालकांच्या लेखी तो वारसा होता. त्या दिवसापासून ते धोतरावर साहेबी सोला हॅट घालून, हातात इंचांच्या खुणा केलेली काठी घेऊन वाडीत फिरू लागले, आणि गाव त्यांना साहेब म्हणू लागलं. गाव तो शब्द कुठल्या सुरात म्हणतं, हे त्यांना कधी ऐकू आलं नाही.

लढाईचे दिवस होते. मुंबईवर बाँब पडणार म्हणून आम्ही शहर सोडलं आणि भुईगावच्या रस्त्यावर त्यांच्या घराच्या मागच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या. वडील बँकेत होते, ते रोज मुंबईला जाऊन येत. मी पंधरा-सोळा वर्षांची, नन्सच्या इंग्रजी शाळेत शिकलेली आणि माणसांना बिचकणारी. कुणी काही विचारलं तर उत्तर तयार होईपर्यंत विचारणारा निघून गेलेला असे. साहेबांना माझा हा गुण फार आवडला. इंग्रजी येतं आणि बोलत नाही, अशी मुलगी त्यांना दुसरीकडे कुठे मिळाली असती? ते मला 'मिस' म्हणू लागले आणि पहिल्याच आठवड्यात मी त्यांची लेखनिक झाले.

"मला नाही आवडत त्यांच्याकडे जायला," मी आईला म्हटलं.

"घर त्यांचं आहे," आई म्हणाली. "दोन पत्रं लिहिलीस तर हात झिजणार नाहीत. ह्या दिवसांत दुसरीकडे खोली मिळते का, विचार बाबांना."

मला त्यांनी का धरलं ते मला महिन्याभरात कळलं. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. ते कुणाला कळू नये म्हणून खिशात मोठं भिंग बाळगत आणि ते शास्त्रज्ञाच्या थाटात डोळ्यापुढे धरत. अक्षरं त्यांना दिसत नसत. "मिस, तुमचे उच्चार चांगले आहेत, वाचून दाखवा," असं म्हणून ते डोळे मिटून बसत. मी इंग्रजी पुस्तकातली पानं वाचायची आणि ते मान डोलवायचे. त्या पुस्तकात एके ठिकाणी लिहिलं होतं की डिसेंबरात दलदलीच्या रोपांवर पेंढा पसरावा, म्हणजे बर्फाने ती दगावत नाहीत. त्या डिसेंबरात वसईच्या उन्हात साहेबांच्या चिखलावर पेंढा पसरला गेला. इनासकाकांच्या कोंबड्यांनी तिथे अंडी घातली.

पाट्यांचंही तसंच. बिस्किटांच्या डब्यांचे पत्रे कापून त्यांच्या पाट्या केलेल्या असत आणि मी त्यांवर पांढऱ्या रंगाने नावं काढायची. आंब्याला लॅटिन नाव, फणसाला लॅटिन नाव, शेवग्याला लॅटिन नाव. नावं संपली, पण पाट्या उरल्या. तेव्हा रहाटाच्या विहिरीवर 'विहीर' आणि गोठ्यावर 'गोठा' अशाही पाट्या इंग्रजीतून लागल्या. आपल्या पत्राच्या कागदावर तर त्यांनी मुंबईहून नाव छापून आणलं होतं. खाली 'वनस्पतिसंशोधक', त्याखाली घराचं नाव, वाडीचं नाव, भुईगाव रस्ता, वसई, ठाणे जिल्हा, मुंबई इलाखा. एवढं सगळं ठसठशीत अक्षरांत छापल्यावर लिहायला अर्धा कागद उरत असे. तो बहुतेक वेळा पुरत असे.

ह्या सगळ्याच्या मुळाशी एक फूल होतं.

ते आणलं बायजीने. बायजी चिंचोटीच्या डोंगराकडची. नवरा वारला, डोंगरात घर उरलं नाही, तेव्हा ती खाली आली आणि साहेबांच्या वाडीत राबू लागली. पाणी शेंदणं, केळीची पानं उतरवणं, गोठा काढणं ही तिची कामं. गोठ्याच्या मागे फणसाखाली तिची कुडाची खोपी होती, आणि एक शेळी. एका भाद्रपदात ती डोंगरावर नातेवाइकांकडे जाऊन आली आणि येताना पळसाच्या पानात मातीचं एक ढेकूळ घेऊन आली. दोऱ्यासारख्या देठांवर निळसर जांभळी फुलं होती, करंगळीच्या नखाएवढी. पान कुठे दिसतच नव्हतं. मी एवढं नाजूक काही त्याआधी पाहिलं नव्हतं.

"हे कुठलं?" साहेबांनी भिंग काढलं.

"वरती कातळ हाय ना, तिथलं. पानी झिरपतं तिथं सगळं निळं होतं. सीतेची आसवं म्हनतात त्याला. सीतामाय रडली तिथं."

"आसवंबिसवं काही नाही. मिस, पुस्तकात पाहा."

पुस्तकात त्याचा कुठलासा विलायती भाऊबंद होता. साहेबांना तेवढं पुरलं. हे दलदलीतलं रानफूल आजवर कुणीही घरच्या बागेत वाढवलेलं नाही, आणि आपण ते वाढवणार, असं त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं. ज्या फुलाची पाकळी आणि देठ त्यांना भिंगातूनही वेगळे दिसत नव्हते, त्या फुलासाठी चिखल खणला गेला तो असा.

"ह्याला खत काय लागतं?" त्यांनी बायजीला विचारलं. तिला काही विचारल्याचं मी पाहिलं ते तेवढं एकदाच.

"खत?" बायजी हसली. "कातळावर खत कोन घालतं साहेब? पावसाचं पानी नि उघडं आभाळ, बस. उपाशी ऱ्हातं म्हनून जगतं ते. पोट भरलं तर मरंल."

साहेबांनी माझ्याकडे पाहून खेदाने मान हलवली. पुस्तकातही तेच होतं. दलदलीच्या फुलांना खत घालू नये, असं स्वच्छ इंग्रजीत लिहिलं होतं, आणि मी ते वाचूनही दाखवलं.

"ते विलायतेतल्या मातीचं," साहेब म्हणाले. "तिथली माती मुळातच सकस."

मी ते वाक्य पुन्हा वाचलं नाही.

मला वाटतं, ह्या माणसाने वाडवडिलांचं सगळं टाकलं. फावडं टाकलं, भाषा टाकली, बाजाराच्या दिवशी ओट्यावर बसून गिऱ्हाइकाशी बोलणं टाकलं. पण एक गोष्ट हाडात राहिली होती. सुक्या मासळीच्या खताने जे वाढत नाही असं जगात काहीच नाही, ही वसईच्या वाडीवाल्याची श्रद्धा. पाचूबंदरहून मासळीचा चुरा आला, त्यात एरंडीची पेंड मिसळली गेली आणि ते सगळं त्या उपाशी फुलांच्या पायाशी ओतलं गेलं. साहेब धोतर सावरून लांब उभे राहून काठीने दाखवत होते, "इथे घाल. अजून. कंजूषपणा करू नकोस."

आठ दिवसांत फुलं काळी पडली. वास असा सुटला की इनासकाकांची बायको पदर नाकाला लावून कुंपणाशी आली. "कोन गेलं वो तुमच्याकडं? पाद्रीला बोलावू का?"

पहिल्या वर्षी दोष उन्हाचा ठरला. दुसऱ्या वर्षी बायजीने पुन्हा ढेकळं आणली, पुन्हा मासळी, पुन्हा पेंड. त्या वर्षी दोष कोंबड्यांचा होता. तिसऱ्या वर्षी ऊन बेताचं होतं आणि कोंबड्या कोंडलेल्या होत्या. मग दोष द्यायला बायजी उरली.

"तुझ्या हातालाच गुण नाही," साहेब म्हणाले. "आता शेवटचं सांगतो. हे फूल माझ्या आवारात उभं राहिलेलं मला दिसलं नाही, तर दसऱ्याच्या आत खोपी रिकामी कर. मी दुसरा माणूस ठेवीन."

त्यांना घाई होती, आणि तिचं कारण मला माहीत होतं, कारण ते पत्र मीच लिहिलं होतं. मुंबईच्या एका कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या प्रोफेसरांना त्यांनी कळवलं होतं की, सदर फूल आमच्या उद्यानात गेली तीन वर्षं मुबलक फुलत असून आपण येऊन खात्री करावी. 'मुबलक' लिहिताना माझा हात थबकला होता. "काय झालं, मिस? स्पेलिंग येत नाही?" असं त्यांनी विचारलं. मी स्पेलिंग लिहिलं. प्रोफेसरांचं उत्तर आलं होतं. गणपती झाले की ते येणार होते.

त्याच आठवड्यात बायजीने मला हाक मारली. "ताय, इकडं या. गपचूप."

खोपीच्या मागे गुरांना पाणी पाजायची एक जुनी दगडी डोणी होती, तडकलेली, कुणी न वापरणारी. तिच्यात चार बोटं माती होती आणि तड्यातून पाणी हळूहळू झिरपत होतं. ती डोणी काठोकाठ निळी झाली होती. मी मोजायला लागले आणि सोडून दिलं.

"पयल्या वर्साला उरलेलं एक ढेकूळ टाकलं व्हतं," ती म्हणाली. "पाऊस सरला की वाळून जातं, पन बी ऱ्हातं. माती हलवली नाय मी. पुढच्या पावसात आपसूक आलं."

"साहेबांना का नाही दाखवलंस?"

"खत घालतील." मग म्हणाली, "पन आता दाखवीन. तो मोठा मानूस येईल ना, त्या दिवशी. साहेब म्हनले आवारात उभं दिसलं पायजे. हे आवारातच हाय. मंग खोपी नाय मोडायची ना, ताय?"

"नाही मोडणार," मी म्हटलं. मला कुणी विचारलं की मी सहसा उत्तर देत नाही. त्या दिवशी मात्र लगेच दिलं.

प्रोफेसर स्टेशनवरून टांग्याने आले. मद्रासकडचे, उंच, पांढरी विजार घातलेले. त्यांना मराठी येत नव्हतं. साहेबांनी त्यांना प्रथम सगळ्या पाट्या दाखवल्या. 'विहीर' ह्या पाटीपाशी प्रोफेसर विहिरीकडे पाहून गंभीरपणे "हो, दिसते आहे," असं म्हणाले. मग बॉग गार्डन आलं. तीन दिवसांपूर्वी त्यात नवी ढेकळं लावली होती आणि साहेबांनी त्यांना पाहुण्याचा मान म्हणून दुप्पट खत दिलं होतं. वर काळा लगदा होता, त्यात पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. साहेबांना अळ्या दिसत नव्हत्या. ते भिंग धरून सांगत होते, "अगदी ताजी अवस्था आहे."

प्रोफेसरांनी रुमाल नाकाला लावला आणि वास चुकवायला गोठ्याच्या मागे गेले. आम्ही मागोमाग गेलो तेव्हा ते डोणीपाशी पांढऱ्या विजारीनिशी चिखलात गुडघे टेकून बसले होते. बायजी बाजूला शेळीचं दावं धरून उभी होती. तिने त्या दिवशी डोक्याला तेल लावलं होतं.

"हे कुणी वाढवलं?" प्रोफेसरांनी इंग्रजीत विचारलं.

साहेबांच्या चेहऱ्यावर क्षणभरही काही हललं नाही. "हा माझा दुसरा प्रयोग," ते म्हणाले, आणि भिंग घेऊन डोणीच्या ज्या कोपऱ्यात नुसतं शेवाळ होतं तिथे वाकले.

"ह्याला तुम्ही काय घालता?"

"मासळीचं खत. आणि एरंडीची पेंड."

प्रोफेसरांनी डोणीकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं, मग चहाचा ट्रे धरून उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं. "असं आहे का?" त्यांनी मला विचारलं. अगदी मऊ आवाजात. बायजी माझ्याकडे बघत होती. मागच्या दारात आई उभी होती.

"हो, सर," मी म्हटलं. माझे उच्चार चांगले होते.

ते गेल्यावर बायजी धावत आली. "काय म्हनला तो? माजी फुलं आवडली त्याला?"

"आवडली."

"मंग खोपी ऱ्हाते ना?"

ऱ्हाते की नाही, ते संध्याकाळी साहेबांनी सांगितलं. त्या दिवशी ते इतके खूश होते की टोपी काढून वारा घेत होते. "जागेचा गुण आहे, मिस. गोठ्यामागच्या जागेतच काहीतरी आहे. तिथे बॉग गार्डन नंबर दोन करायचं. ती खोपी मध्ये येते, ती काढू."

"पण फुलं तर उभी राहिली," मी म्हटलं. त्यांच्यापुढे मी आपणहून बोललेलं पहिलं वाक्य.

"राहिलीच. म्हणून तर."

दसऱ्याच्या आधी खोपी मोडली. बायजी सकाळी निघाली, डोक्यावर बोचकं आणि मागे शेळी. आमच्या दाराशी थांबली. तिला कुणीतरी, बहुधा इनासकाकांनी, काय झालं ते समजावून सांगितलं असावं. "ताय, तुमी तिथं व्हता ना?" एवढंच म्हणाली. शेळीने दारातल्या कुंडीतलं पान तोडलं, तिने दावं ओढलं आणि ती गेली.

डोणी दर्शनी अंगणात आणवली गेली. तिच्यावर मी पाटी रंगवली, लॅटिन नाव आणि खाली साहेबांचं नाव. मग साहेब म्हणाले, "इतकी वर्षं बिचारीला काहीच मिळालेलं नाही. आता मासळीच्या खताचा एक चांगला हात द्या." बी धरायच्या आधीच डोणी काळी झाली.

त्यानंतर त्यांनी मला प्रोफेसरांना पत्र सांगितलं. अशिक्षित नोकरवर्गाच्या हलगर्जीपणामुळे ह्या दुर्मीळ संग्रहाचा नाश झाला असून, वगैरे. ते डोळे मिटून सांगत होते. मी त्यांच्यासमोर बसून, त्यांच्या छापील कागदाच्या उरलेल्या अर्ध्या भागात, दुसरंच लिहिलं. फुलं बायजीने वाढवली होती, पावसाच्या पाण्यावर, दुसरं काही न घालता. मासळीच्या खताने ती मेली. मी आपल्याशी खोटं बोलले. ती आता इथे राहत नाही.

"वाचा," साहेब म्हणाले.

मी कागद समोर धरला आणि त्यांनी सांगितलेलं पत्र 'अशिक्षित'पासून 'आपला नम्र'पर्यंत बिनचूक वाचलं. कागदावर काय आहे ते त्यांना दिसत नव्हतं. त्यांनी झोकदार सही केली, अर्धी माझ्या शेवटच्या ओळीवर.

सुटल्यासारखं वाटलं, असं मी इथे लिहू शकले असते. तसं काही झालं नाही. आंधळ्या होत चाललेल्या माणसाला फसवणं फारसं अवघड नसतं. जे अवघड होतं ते मी डोणीपाशी करायला हवं होतं.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. साहेब हॅट घालून पायरीवर बसले आणि डोळे मिटून म्हणाले, "वाचा, मिस."

प्रोफेसरांनी दोनच ओळी लिहिल्या होत्या. कॉलेजच्या बागेत त्यांना अशा हाताची गरज होती. राहायला खोली होती. त्या बाईंचा पत्ता ताबडतोब कळवावा.

बायजीचा पत्ता? चिंचोटीच्या डोंगराकडची, एवढंच मला ठाऊक होतं. कुठला पाडा, कुणाकडे, ते तीन वर्षांत मी विचारलं नव्हतं. नंतर मी इनासकाकांना विचारलं, दूधवाल्याला विचारलं, कामणहून लाकडं घेऊन येणाऱ्या बायकांना विचारलं. कुणालाच सांगता आलं नाही.

"काय म्हणतात?" साहेब म्हणाले.

"पत्ता विचारतात," मी म्हटलं.

"कुणाचा?"

"फुलं ज्याने वाढवली त्याचा."

साहेब हसले. त्यांनी हॅट सरळ केली.

"कमाल आहे," ते म्हणाले. "एवढा ठसठशीत छापलेला आहे कागदावर. डोळे आहेत की नाहीत ह्या लोकांना?"